पुस्तकावर वय छापून काय साधतं?

मराठीतलं मुलांचं कुठलंही गोष्टीचं पुस्तक उलटं करून मागचं पान बघा. किमतीच्या आसपास ‘वयोगट ८ ते १२’ असं काहीतरी छापलेलं बऱ्याचदा सापडतं. हा आकडा कोणी ठरवला, कशावरून ठरवला, हे आपण कधी विचारत नाही. लेखकाला आपली गोष्ट साधारण त्या वयाची वाटली, प्रकाशकाला तो पट्टा विक्रीला बरा वाटला, संपला विषय. आणि हा पट्टा जितका रुंद तितका गिऱ्हाईकवर्ग मोठा, त्यामुळे ‘६ ते १४’ असंही छापलेलं दिसतं. सहा वर्षांच्या आणि चौदा वर्षांच्या दोन मुलांनी एकच पुस्तक स्वतःचं स्वतः वाचावं, ही अपेक्षा कुठल्याच घरात पूर्ण होत नसेल.

नऊ वर्षांची तीन मुलं डोळ्यांसमोर आणू. एक नंदुरबारच्या धडगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतला, घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारा. दुसरी पुण्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतली. मराठी फडाफडा बोलते, पण ‘क्ष’ आला की थांबते. तिसरा साताऱ्याचा, मराठी शाळेत जाणारा, घरात आईच्या हातात कायम पुस्तक. तिघंही ‘८ ते १२’मध्ये बसतात. दुकानदार तिघांच्याही पालकांच्या हातात तेच पुस्तक देईल. त्यातल्या साताऱ्याच्या मुलाचं भागेल. उरलेल्या दोघांनी चार पानांत पुस्तक मिटलं की घरचे म्हणणार, ‘याला वाचनाची आवडच नाही.’ आवडीचा तिथे संबंधच नव्हता.

हे दोन-चार मुलांचं दुखणं नाही. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या देशव्यापी अहवालासाठी २०२२मध्ये झालेल्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे पाचवीच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलं अशी, की ज्यांच्या वयाचं म्हणून जे पुस्तक छापलं जातं ते त्यांना वाचता येत नाही. शिक्षणखात्याला हे माहीत आहे, शिक्षकांना तर रोजच दिसतं. फक्त पुस्तकांच्या व्यवहारात त्याची नोंद नाही. तिथे अजून मूल वाढदिवसागणिक वाचायला शिकतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की मुलांच्या मराठी पुस्तकांवरचा वयोगट काढून टाकावा आणि त्या जागी वाचनाची पातळी द्यावी. मात्र ती पातळी मराठी कशी लिहिली आणि वाचली जाते हे बघून ठरवावी. इंग्रजीतून उचललेली मोजपट्टी इथे लावली तर ती चुकीचं मोजेल, आणि सध्या जिथे कुठे पातळ्या दिल्या जातात तिथे बहुतेक तेच होतं आहे.

पातळ्यांचं शास्त्र मुख्यतः अमेरिकेत घडलं. एमेट बेट्स या शिक्षणतज्ज्ञाने १९४६मध्ये मांडलेलं गणित अजून चालतं. शंभरातले नव्याण्णव शब्द बिनचूक वाचता आले आणि मजकूर जवळजवळ सगळा समजला, तर ते पुस्तक मुलाने एकट्याने वाचण्याजोगं. पंचाण्णव शब्द आले तर शिक्षकाच्या मदतीने वाचण्याजोगं. नव्वदच्या खाली गेलं की मूल वैतागणार. हे आकडे मूठभर मुलांच्या अभ्यासातून निघालेले होते आणि वर्गात शिकवण्यासाठी पातळी जुळवण्याचा खरंच फायदा होतो का, यावर टिमथी शॅनहान यांच्यासारख्या अभ्यासकांनी जोरदार शंका घेतली आहे. शिक्षक शेजारी असेल तर मुलाला अवघड मजकूर द्यायला हरकत नाही, उलट द्यावाच, असं ते म्हणतात. मला ते पटतं. पण माझा विषय मूल दुपारी एकटं कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसतं तेव्हाचा आहे. तिथे विचारायला कोणी नसतं आणि पुस्तक मिटून ठेवण्यावाचून दुसरा मार्गही नसतो.

याच गणिताची घरगुती आवृत्ती म्हणजे पाच बोटांची चाचणी. आपल्याकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतही ती अधूनमधून फिरते. मुलाला एक पान वाचायला द्यायचं, न येणाऱ्या प्रत्येक शब्दाला एक बोट वर करायला सांगायचं, पाच बोटं झाली की पुस्तक अवघड. इंग्रजीत याला अर्थ आहे. तिथे अनोळखी शब्द मुलाला नीट उच्चारताही येत नाही, तो अडतो, आणि अडला की कळतं.

मराठीत मूल अडतच नाही. बाराखडी आणि जोडाक्षरं पक्की झालेलं कोणतंही मूल ‘राजाने प्रधानास पाचारण केले’ हे वाक्य एका दमात, शुद्ध वाचून दाखवेल. बोट एकही वर होणार नाही. बेट्सच्या हिशोबात शंभर टक्के! आता विचारा, राजाने काय केलं? पुष्कळ वेळा उत्तर येतं, ‘प्रधानाला काहीतरी केलं.’ आपली लिपी उच्चाराशी इतकी इमानदार आहे की अर्थ कळला नाही हे ती झाकून टाकते. मोठ्याने खणखणीत वाचणाऱ्या मुलाला आपण ‘छान वाचतो’ म्हणतो आणि त्याच्या हातात आणखी जाड पुस्तक देतो. वाचनालयाच्या बालविभागात बसलं की हे दृश्य वरचेवर दिसतं. मूल ओठ हलवत पानंच्या पानं पुढे जातं, चेहऱ्यावर काही उमटत नाही. पुस्तक परत करताना ‘काय होतं यात?’ विचारलं की मुखपृष्ठावरच्या चित्राचं वर्णन ऐकायला मिळतं.

मराठीतली खरी गंमत, म्हणजे डोकेदुखी, याच्याही पुढची आहे. वाचायला सर्वांत सोपे शब्द कोणते? काना-मात्रा नसलेले. पहिलीत ते आधी येतात. ‘घर’, ‘नळ’, ‘मगर’ इथपर्यंत ठीक. पण असे शब्द लवकर संपतात, मग ‘नमन’, ‘गमन’, ‘मनन’, ‘सदन’ यांची भरती होते. लिपीला सोपे, अर्थाला अवघड. सहा वर्षांच्या कुठल्या मुलाने कधी मनन केलंय? आता उलट बाजू बघा. भोपळ्यात बसून लेकीकडे जाणाऱ्या म्हातारीची गोष्ट तीन वर्षांच्या मुलाला तोंडपाठ असते. तिच्यातल्या ‘म्हातारी’त जोडाक्षर, ‘म्हणाली’त जोडाक्षर, ‘भोपळ्या’त जोडाक्षर, ‘कोल्हा’ही त्यातलाच. रोजच्या बोलण्यातले कितीतरी शब्द असेच आहेत: आम्ही, तुम्ही, पुन्हा, नव्हता, कुत्रा, दुसऱ्या. कानाला सर्वांत जवळचे आणि डोळ्यांना अवघड.

म्हणजे मराठीत लिपीची पायरी आणि अर्थाची पायरी अनेकदा विरुद्ध दिशांनी चढतात. एकाच आकड्यात दोन्ही मोजायला गेलं की गोंधळ ठरलेला.

यावर आपल्या बाजाराने शोधलेला उपाय म्हणजे ‘जोडाक्षरविरहित गोष्टी’. या प्रकारची पुस्तकं भरपूर निघतात आणि खपतातही, कारण निदान लिपीचा विचार करून काढलेली दुसरी पुस्तकं फारशी नाहीतच. त्यामागचा हेतू चांगला आहे. पण जोडाक्षर वर्ज्य केलं की ‘म्हणाला’ लिहिता येत नाही. ‘त्याने’, ‘तिच्या’, ‘घरातल्या’ हेही बाद. एखादं पात्र दुसऱ्याशी बोलतं तेव्हा लेखकाला ‘बोलला’ वापरावं लागतं, जे मुंबईकडे चालून जातं पण पुण्यात कान टवकारले जातात. कुत्रा येऊ शकत नाही, मांजर येतं. मित्र नाही, चंद्र नाही, सूर्य नाही. ‘गोष्ट’ आणि ‘पुस्तक’ हे शब्दसुद्धा गोष्टीच्या पुस्तकात येऊ शकत नाहीत. मग जी भाषा तयार होते ती कोणीच बोलत नाही. मुलाला ती वाचता येते आणि ती गोष्ट सांगणाऱ्या माणसाची वाटत नाही. ‘छगन, कमळ बघ’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचा विषय झालं ते यामुळेच.

त्याऐवजी म्ह, त्य, च्य, ल्य, न्ह, व्ह अशी मोजकी, सतत भेटणारी जोडाक्षरं अगदी लवकर येऊ द्यायला काय हरकत आहे? ‘म्हणाली’ हा शब्द एका गोष्टीत दहा वेळा आला की मूल तो अक्षरं न फोडता ओळखायला लागतं. ‘ष्ण’, ‘त्स्य’, ‘द्ध’, ‘ज्ञ’ यांना पुढच्या पुस्तकांपर्यंत थांबवता येतं. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेने शिक्षणतज्ज्ञ मॅक्सिन बर्नसन यांच्या मार्गदर्शनाखाली अक्षरं वर्णमालेच्या ओळीने न शिकवता छोट्या गटांनी, मुलाच्या ओळखीच्या शब्दांतून शिकवण्याची रीत रुजवली. वाचायला शिकवण्याबाबत हा विचार मराठीत झालेला आहे. गोष्टीची पुस्तकं लिहिताना, निवडताना तो मध्येच कुठे गळून पडतो कळत नाही.

लिपीतलाच एक बारीक काटा सांगून ठेवतो, कारण त्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. शासनाने २००९मध्ये देवनागरी लेखनाचं प्रमाणीकरण केलं, त्यानंतर बऱ्याच पाठ्यपुस्तकांत ‘विद्‌यार्थी’ असं द आणि य वेगळे दाखवून छापतात. गोष्टीच्या पुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत तोच शब्द ‘विद्यार्थी’ असा एकजीव जोडून येतो. मोठ्यांना फरकही दिसत नाही. दुसरीतल्या मुलाला मात्र ते नवंच अक्षर वाटतं. सुरुवातीच्या पायरीच्या पुस्तकांत तरी पाठ्यपुस्तकातलीच वळणं वापरावीत, एवढं प्रकाशकांना सहज करता येण्याजोगं आहे. त्याला जास्तीचा पैसाही लागत नाही.

दुसरी उसनी मोजपट्टी शब्दसंख्येची. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेने २०१५मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर हजारो गोष्टी फुकट वाचता येतात, मराठीतल्याही. बालसाहित्यासाठी इतकं मोठं दुसरं दार माझ्या माहितीत नाही. तिथे चार पातळ्या आहेत: पहिलीत अडीचशेच्या आत शब्द, दुसरीत सहाशेपर्यंत, तिसरीत दीड हजारापर्यंत, चौथीत त्याहून जास्त. निदान काही पातळी आहे ही मोठीच गोष्ट. पण मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. ‘झाडावरच्या पाखरांनासुद्धा’ हे मराठीत दोन शब्द झाले. इंग्रजीत याचे सहा-सात होतील, हिंदीत पाच-सहा. एकच गोष्ट भाषांतरात लहान दिसते आणि प्रत्येक शब्द मात्र लांब आणि गुंतागुंतीचा झालेला असतो. नुसते शब्द मोजले तर मराठी पुस्तक आहे त्यापेक्षा सोपं भासतं.

केंद्राच्या ‘निपुण भारत’ या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात, २०२१पासून, तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचावेत असं लक्ष्य आहे. सगळ्या भाषांना एकच आकडा लावणं बरोबर नाही हे एनसीईआरटी या केंद्राच्याच शैक्षणिक संशोधन संस्थेच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी २०२२मध्ये तिसरीतल्या सुमारे ८६ हजार मुलांची वीस भाषांमध्ये चाचणी घेतली आणि प्रत्येक भाषेसाठी वेगळे मापदंड काढले. मूल किती वाचतं हे मोजताना मराठी ही वेगळी भाषा आहे असं सरकार मान्य करतं. मग त्या मुलाच्या हातातलं पुस्तक मोजताना ते का मानायचं नाही?

नुसत्या वाक्याच्या लांबीवर आणि शब्दांच्या वारंवारतेवर विसंबलं की काय होतं याचं उदाहरण अमेरिकेतच आहे. तिथे ‘लेक्साइल’ नावाची यांत्रिक मोजणी फार चालते. तिच्या हिशोबात जॉन स्टाइनबेकची ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ ही कादंबरी ६८० गुणांची ठरते, म्हणजे साधारण दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी धरलेल्या पट्ट्यात बसते. मंदीत देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांची ती कहाणी. वाक्यं लहान, बोली साधी, आणि यंत्राला तेवढंच दिसतं.

म्हणून मराठी पुस्तकाला दोन खुणा हव्यात. एक लिपीची: जोडाक्षरं कोणती आणि किती, वाक्य किती लांब, पानावर मजकूर किती, अक्षराचा आकार केवढा. दुसरी आशयाची: गोष्ट कोणाला रुचेल, तिच्यातली माणसं आणि त्यांचे प्रश्न कोणत्या वयाच्या मुलाला आपले वाटतील. एडिंबरा इथे सुरू झालेली बॅरिंग्टन स्टोक ही प्रकाशनसंस्था वाचताना अडखळणाऱ्या मुलांसाठी पुस्तकं काढते आणि त्यांच्यासाठी वाचनाचं वय एक आणि आवडीचं वय दुसरं असे दोन आकडे ठरवते. आठ वर्षांच्या मुलाला वाचता येईल अशा भाषेत बारा वर्षांच्या मुलासाठी लिहिलेली गोष्ट.

मराठीला नेमकी याच पुस्तकांची सगळ्यात जास्त गरज आहे आणि ती जवळजवळ नाहीतच. २०२०च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या मंडळांच्या, सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. त्यातून मोठा वाचकवर्ग तयार होतो आहे. इंग्रजी शाळेतली अकरा वर्षांची मुलगी घरी मराठी बोलते, इंग्रजीत जाडजूड कादंबऱ्या वाचते, आणि मराठी वाचनात मात्र दुसरीच्या पायरीवर असते. तिला ससा-कासव दिलं की तिचा अपमान होतो. तिच्या वयाचं पुस्तक दिलं की दुसऱ्या परिच्छेदात दम लागतो. ती मराठीकडे पाठ फिरवते आणि आपण मराठीच्या भवितव्यावर परिसंवाद घेतो. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या रविवारच्या शाळांत हेच. गोव्यात थोडं निराळं: प्राथमिक शाळा मराठी, घरातली भाषा कोंकणी. लिपी येते, पण पुस्तकातलं मराठी कानावरून गेलेलं नसतं. धडगावच्या मुलाचंही तेच, फक्त अंतर जास्त. त्याला अक्षरं सोपी करून देण्यापेक्षा चित्रांतून भाषेचा आधार मिळणं अधिक मोलाचं. म्हणजे ‘सोपं पुस्तक’ हेसुद्धा सगळ्यांसाठी एकच नसतं.

शिवाय जुन्या पुस्तकांतलं ‘केले’, ‘गेले’, ‘सांगितले’ आणि नव्यांतलं ‘केलं’, ‘गेलं’, ‘सांगितलं’ यांतला फरकही नोंदवण्याजोगा आहे. बोलल्यासारखं लिहिलेलं पुस्तक नवख्या वाचकाला लवकर जवळ घेतं. अनुस्वार जड जातो हे खरं, पण अनोळखी शब्दरूप त्याहून जड जातं.

आता आक्षेपांकडे वळतो. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात प्रेमाने घेतला जाणारा आक्षेप असा: आमच्या लहानपणी कुठे होत्या पातळ्या? हाताला लागेल ते वाचलं, भेळेचा कागदसुद्धा वाचला, नाही समजलं ते सोडून दिलं, आणि वाचक झालोच ना? झालात, म्हणून तर हे लिहिता आहात. तुमच्याच वर्गातली जी मुलं वाचक झाली नाहीत त्यांनी आठवणी लिहिलेल्या नाहीत. मिळेल ते वाचून वाचक होणारी मुलं आजही आहेत, उद्याही असतील, त्यांना माझ्या खुणांची गरज नाही. बाकीच्यांना आहे. आणि भेळेच्या कागदाच्या त्या काळात करमणुकीला दुसरं काही नव्हतं. आज अवघड पुस्तकाशी झगडत बसायला मुलाला काहीच कारण नाही, शेजारी फोन पडलेला असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पातळी आली की कुंपण येतं. हे खरं आहे आणि अमेरिकेने ते भोगलं आहे. फाउंटस आणि पिनेल या दोन अभ्यासकांनी ए ते झेड अशा पातळ्या पाडल्या. त्या शिक्षकाने वापरायच्या होत्या. शाळांनी पुस्तकांच्या टोपल्यांवर अक्षरं चिकटवली, मुलं स्वतःची ओळख ‘मी एम आहे’ अशी करून द्यायला लागली, आणि ‘पी’च्या टोपलीला हात लावायचा नाही असे नियम झाले. शेवटी त्या दोघींनाच सांगावं लागलं की पातळी हे शिक्षकाचं साधन आहे, मुलाला लावायची चिठ्ठी नव्हे. तिथल्या शालेय ग्रंथपालांच्या संघटनेनेही पुस्तकांच्या कण्यावर पातळ्या चिकटवायला विरोध केला, कारण कोण काय वाचतं हे वर्गातल्या सगळ्यांना दिसतं आणि जे मूल मागे आहे ते उघडं पडतं.

आपल्याकडे हा धोका जास्तच आहे. जिथे चौथीच्या शिष्यवृत्तीच्या गुणांवरून शेजारपाजारची मुलं तोलली जात होती, तिथे वाचनाची पातळी आली की तिचेही क्लास निघतील, ‘तीन महिन्यांत दोन पातळ्या वर’ असे फलक लागतील. म्हणून खूण पुस्तकाला लागावी, मुलाला कधीच नाही. ती मुखपृष्ठावर किंवा कण्यावर नको. आतल्या पानावर, मुद्रकाच्या पत्त्याच्या शेजारी, निवडणाऱ्या मोठ्या माणसाला सापडेल अशी हवी. मुलाने ती बघायची गरजही नाही. क्रिकेटचं वेड असलेला मुलगा त्याच्या पातळीपेक्षा कितीतरी अवघड असं खेळाचं पान घासून घासून वाचतो, डायनोसॉरच्या वेडाने पछाडलेली मुलगी ‘टायरनोसॉरस’ हे नाव अडखळत का होईना पण पुरं करते. त्यांना अडवणारा ग्रंथपाल मला बालविभागात नको. आणि एखाद्या दिवशी सातवीतल्या मुलीला चित्रांचं पातळ पुस्तकच वाचावंसं वाटलं, तर तेही मुकाट्याने नोंदवून द्यावं.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं दुसरं प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं असं सांगतं आणि तिसरं प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असं. ग्रंथालयांच्या भाषणांत ही दोन सूत्रं कायम ऐकू येतात. बालविभागात ती पाळायची तर ग्रंथपालाच्या हातात काय असतं? दाखलनोंद, विषयाचा क्रमांक आणि किंमत. पुस्तक कोणाला झेपेल हे सांगणारा एकही रकाना नोंदवहीत नाही.

पालकांबद्दलही बोलायला हवं, कारण पुस्तक शेवटी तेच विकत घेतात. सातवं वर्ष लागलेल्या मुलासाठी दुकानात ‘दहाच्या पुढचं दाखवा’ म्हणणारे आई-बाबा मुलासाठी पुस्तक घेत नसतात, स्वतःच्या समाधानासाठी घेतात. शाळांची बक्षीसंही तशीच. ‘श्यामची आई’ तिसरी-चौथीतल्या मुलांना बक्षीस म्हणून वर्षानुवर्षं दिली जाते. १९३५मध्ये पुस्तकरूपाने आलेली ती गोष्ट, त्या काळच्या कोकणातल्या घरात घडणारी, संस्कृत श्लोक आणि सोवळ्या-ओवळ्याचे संदर्भ जागोजाग. कोणीतरी वाचून दाखवली, मध्ये थांबून समजावली, तर आठ वर्षांचं मूलही तिच्यात रमतं. एकट्याने वाचायला दिली तर बहुतेक प्रती कपाटात कोऱ्याच राहतात, आणि मुलाच्या मनात ‘चांगलं पुस्तक म्हणजे कंटाळवाणं पुस्तक’ हे समीकरण घट्ट बसतं. साने गुरुजींवर याहून मोठा अन्याय दुसरा नाही.

ऐकण्याची पातळी आणि स्वतः वाचण्याची पातळी यांत दोन-तीन इयत्तांचं अंतर सहज असतं. मूल वाचायला लागलं की बरीच घरं वाचून दाखवणं बंद करतात, ‘आता तुझं तू वाच’. तिथेच चुकतं. मुलाने सोपं पुस्तक स्वतः वाचावं आणि अवघड पुस्तक रात्री कोणाच्या तरी तोंडून ऐकावं, दोन्ही एकाच काळात. आजी-आजोबांचा आवाज यासाठी उत्तम, आणि त्यांना वेळही असतो.

आणि निवडताना काय तपासायचं? पाच बोटं मराठीपुरती विसरून जा. एक पान मुलाला मनातल्या मनात वाचू द्या आणि पुस्तक मिटून विचारा, ‘पुढे काय होईल असं वाटतं?’ नुसतं ‘काय झालं?’ विचारलं तर शेवटचं वाक्य परत ऐकायला मिळेल, आपल्या शाळांनी मुलांना ते छान शिकवलेलं आहे. पुढचं सांगायचं तर मागचं समजलेलं असावं लागतं. उत्तर चुकीचं असलं तरी चालेल, गोष्टीला धरून आहे ना एवढं बघा. विनोदी पुस्तक असेल तर विचारूही नका. हसू योग्य ठिकाणी येतंय का, तेवढं कान देऊन ऐका.

पण प्रत्येक पुस्तकाला प्रत्येक पालकाने ही परीक्षा घ्यावी ही अपेक्षा वेडगळ आहे. गावोगावच्या शाळांत पुस्तकं घाऊक खरेदी होतात. समग्र शिक्षा योजनेतून शाळेच्या स्तराप्रमाणे ग्रंथालयासाठी वर्षाला पाच ते वीस हजार रुपयांचं अनुदान आहे. त्यातून काय घ्यायचं हे ठरवताना मुख्याध्यापकांसमोर प्रकाशकांच्या याद्या आणि सवलतीचे टक्के असतात. सार्वजनिक वाचनालयांसाठी शासनमान्य ग्रंथांच्या याद्या निघतात. दरवर्षी १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो, त्या दिवशी शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हातात पुस्तक द्या असा आदेश असतो आणि कोणाच्या हातात कुठलं पुस्तक पडलं हे कोणी बघत नाही. याद्यांमध्ये ‘लिपी’ आणि ‘आशय’ असे दोन रकाने वाढवले, तर प्रकाशक दुसऱ्या वर्षीपासून आपणहून ती माहिती द्यायला लागतील. ज्यावर खरेदी अवलंबून आहे ते ते टाळणार नाहीत.

प्रकाशकांची भीती मला कळते. मराठी बालपुस्तकांची आवृत्ती छोटी, खप मंद. ‘८ ते १२’ची जागा अरुंद पातळीने घेतली तर गिऱ्हाईक तुटेल, असं त्यांना वाटतं. मला उलट वाटतं. ज्या घरात पहिलं पुस्तक पुरं वाचून होतं त्या घरात दुसरं येतं. न वाचलेलं पुस्तक पुढची विक्री थांबवतं, आणि हा तोटा कुठल्याच हिशेबवहीत दिसत नाही.

सुरुवात कुठून करायची याचं उत्तर सरकारच्याच कपाटात आहे. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतं आहे आणि जुने अंक इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचता येतात. मराठीतल्या नामवंतांनी त्यात मुलांसाठी लिहिलं, चांगल्या चित्रकारांनी चित्रं काढली. पन्नासहून अधिक वर्षांच्या या ठेव्यात आज शिरायचं तर वर्ष आणि महिना निवडावा लागतो, जे कुठल्याही मुलाच्या डोक्यात नसतं. चार-पाच अनुभवी प्राथमिक शिक्षक, एखादा भाषातज्ज्ञ आणि काही मुलं यांना बसवून यातल्या गोष्टींना लिपीची आणि आशयाची खूण द्यायला लावा. जोडाक्षरं मोजण्याचं काम संगणक काही सेकंदांत करतो. आशयाचं काम माणसांनी करायचं आहे, आणि ते करायला आवडतील अशी माणसं प्रत्येक जिल्ह्यात सापडतील. मग धडगावच्या शिक्षकाला आणि पुण्यातल्या त्या मुलीच्या आईला एकाच ठिकाणी, पण वेगवेगळ्या गोष्टी मिळतील. खुणा चुकल्या तर बदलता येतील, कारण हा मजकूर छापील नसून पडद्यावर आहे. खाजगी प्रकाशकाची परवानगी नको, निविदा नको, नवी इमारतही नको.